मागच्या बाकावरची मान

"मागच्या बाकावर बसायचं ते भिंतीसारखं," सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तिथे बसून नंदीबैल व्हायचं नाही. तुम्ही शिक्षकाला बघता, तसा शिक्षकही तुम्हाला बघत असतो."

"हो सर," ती म्हणाली, आणि या कानाने ऐकलेलं त्या कानाने सोडून दिलं. वर्गभर मुलं समोर असताना कोपऱ्यातल्या बाईकडे कोण बघत बसतंय? आणि हलली मान तर हलली, त्याने काय आभाळ कोसळणार आहे? खरं तर त्या दिवशी तिचं अर्धं लक्ष पाळणाघरात होतं. दीड वर्षाच्या मुलीला पहिल्यांदाच तिथे सोडून ती आली होती. निघताना मुलगी रडली नाही, याचंच तिला रडू येत होतं.

नवरा जहाजावर. वर्षातले बरेच महिने तो फोनमधला एक चेहरा असायचा, आणि तोही मध्येच गोठणारा. माहेर लांब, सासर त्याहून लांब. घरात ती आणि मुलगी. मुलगी शिंकली की ती उठून बसायची, आणि बराच वेळ शिंकली नाही तरी उठून बसायची. ताप आहे की अंग नुसतं गरम आहे, भात जास्त झाला की कमी, ओरडले ते बरोबर की चूक, कुणाला विचारणार? ताईला फोन केला की ताई म्हणायची, "तू आई आहेस की इन्स्पेक्टर? जरा श्वास घे, आणि तिलाही घेऊ दे."

इन्स्पेक्टरच व्हायचं तर निदान कामाचं व्हावं, म्हणून तिने शिक्षणशास्त्राची पदवी कपाटातून काढली आणि सरांच्या अभ्यासात निरीक्षक म्हणून रुजू झाली. सर कॉलेजात शिकवायचे आणि बरीच वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते. शिक्षकाची पदवी, प्रशिक्षण, नोकरीची वर्षं, घरची पार्श्वभूमी, यातलं नेमकं काय वर्गात उतरतं? कुणी म्हणतं अनुभव हाच गुरू. कुणी म्हणतं शिकलेल्यालाच शिकवता येतं. "म्हणणाऱ्याचं तोंड धरता येत नाही," सर म्हणायचे, "पण मोजता येतं. आपण मोजू."

मोजायचं म्हणजे शाळेत जायचं, मागे बसायचं आणि थोड्या थोड्या वेळाने खुणा करायच्या. शिक्षक सांगतोय, विचारतोय, थांबतोय की रागावतोय. मुलं कामात आहेत की खिडकीबाहेर. तिला ते काम असं जमलं की जणू त्यासाठीच तिला डोळे फुटले होते.

तिच्या वाट्याला आलेल्या शाळेत पाचवीच्या दोन तुकड्या होत्या. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पण चहा विचारला नाही.

"अ तुकडीला आमचं सुवर्णपदक आहे," त्या म्हणाल्या. "विद्यापीठात पहिली आलेली मुलगी. आई शिक्षिका, वडील शिक्षक, काका शिक्षक. ब तुकडीला..." त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा टेबलावरच ठेवली. "ब च्या बाई तशा आमच्या नाहीत. त्यांची शाळा बंद पडली आणि वरून आमच्या गळ्यात घातल्या. सहामाहीपर्यंत बघणार. जमल्या तर ठीक, नाहीतर साभार परत."

"परत म्हणजे?"

"खात्याच्या ऑफिसला. ते पाठवतील कुठेतरी. कुठेच जागा नसली तर बसवतील कागद लावायला. तुम्ही त्यांच्या वर्गात बसणारच आहात ना? मग मलाही कळवा कसं काय ते."

"तसं सांगता येत नाही आम्हाला," ती म्हणाली.

"मग काय उपयोग?" मोठ्या बाईंनी विचारलं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही.

ब तुकडीच्या बाई पन्नाशीच्या, बुटक्या, आवाजाने इतक्या हळू की मागच्या बाकावर अर्धं ऐकू येई. बोलताना सतत हात हलत. बोट वर केलं की डावीकडची रांग लिहायला लागे, तळवा खाली केला की उजवीकडची गप्प होई. स्टाफरूममध्ये त्यांना 'मुकी फिल्म' म्हणत. हे तिला सुवर्णपदकाने हसत हसत सांगितलं. मुलगी वाईट नव्हती, फक्त तरुण होती.

वर्गात शिरण्याआधी बाईंची माहिती भरून घ्यायची होती. शिक्षण, जेमतेम लागतं तेवढं. नोकरीची वर्षं विचारली तेव्हा बाई थांबल्या.

"एकशिक्षकी शाळा होती माझी. चार इयत्ता, एक खोली. एका वर्षात चार वर्ग शिकवले तर एकच वर्ष धरायचं की चार?"

"एकच," ती म्हणाली. कागदावर दुसरी सोय नव्हती.

"धरा. एवीतेवी मोजायला तिथे कोणी नव्हतंच."

पहिल्या तासाला तिने चेहरा भिंतीसारखाच ठेवला होता. दुसऱ्यालाही. बाई फळ्याकडे बघून शिकवत, मुलांकडे बघून शिकवत, आणि त्यांचं शिकवणं थंड तव्यावरच्या पाण्यासारखं होतं, पडे आणि पसरे, चुरचुर काही होत नसे. तिच्या खुणाही तशाच पडत गेल्या.

मग अपूर्णांक आले. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं बाईंनी विचारलं, आणि साऱ्या वर्गाने एक चतुर्थांशाला कौल दिला, कारण तीनापेक्षा चार मोठे. पुढच्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणत. ती तर उभीच राहिली. "बाई, चार हा तीनापेक्षा मोठा असतो हे तुम्हीच शिकवलंय."

"मीच शिकवलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी चूक म्हटलं नाही. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या काढल्या. एक तीन मुलांना दिली, एक चौघांना. "फाडा आणि वाटून घ्या. भांडायचं नाही." पट्ट्या फाटल्या. वकील नेमकी चौघांत होती. तिने आपला तुकडा तिघांतल्या शेजारणीच्या तुकड्याला लावून बघितला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "बाई, मला कमी आलं."

"का बरं?"

"वाटेकरी जास्त झाले," वकील म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराने चकित होऊन खाली बसली.

मागच्या बाकावर तिची मान हलली. मुद्दाम नाही. चांगली फोडणी बसल्याचा वास आला की माणूस 'वा' म्हणतो, तशी हलली. आणि त्याच क्षणी बाईंनी वर बघितलं.

बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं त्याला तिच्या कागदावर रकाना नव्हता.

त्यानंतर बाई बदलल्या. आवाज मागच्या बाकापर्यंत यायला लागला. एखादा मुद्दा मांडला की त्या क्षणभर थांबत, नजर मुलांच्या डोक्यांवरून मागे जाई, तिची मान हले, आणि बाई पुढचं पाऊल टाकत. त्या थांबण्याचा फायदा मुलांनाही होई. विचार करायला तेवढा वेळ मिळे, आणि हात वर जात. तिला कळत होतं आपण काय करतो आहोत. सरांचं वाक्यही आठवत होतं. पण कुणी पायरी उतरताना आधाराला हात शोधावा आणि आपण हात खिशात घालावा, असं काही तिच्याने होईना.

एकदा मधल्या सुट्टीत ती कागद आवरत वर्गातच थांबली, तर बाईंनी टेबलावरच डबा उघडला.

"स्टाफरूममध्ये नाही जात?"

"तिथे खुर्च्या ठरलेल्या आहेत," बाई म्हणाल्या. "कुणी उठ म्हणत नाही हो. पण ज्याची त्याची खुर्ची दिसते." त्यांनी केळं सोलून अर्धं तिच्यापुढे केलं. "आणि मला सवय नाही माणसांत जेवायची. तिकडे मीच बाई, मीच मुख्याध्यापक, मीच घंटा. शिकवलेलं बरोबर की चूक, विचारायला एक म्हैस यायची खिडकीशी. मान हलवायची. पण ती सगळ्यालाच हलवायची."

ती हसली. बाईही हसल्या, मग हसू ओसरलं.

"तुम्ही सगळ्याला हलवत नाही. मी बघते ना. परवा माझं उदाहरण फसलं तेव्हा नाही हलवलीत. तेव्हा कळलं मला, फसलं म्हणून. इतक्या वर्षांत फसलेलं कधी कळलंच नव्हतं हो."

तिला वाटलं, आता सांगून टाकावं. मी मान हलवायची नसते, माझ्यावर विसंबू नका. पण केळ्याचा घास तोंडात होता, आणि तो गिळेपर्यंत वेळ निघून गेली. संध्याकाळी मुलीला घेऊन घरी येताना तिच्या लक्षात आलं, की आज कितीतरी दिवसांनी तिने मोठ्या माणसाबरोबर बसून काही खाल्लं होतं.

अभ्यासाचा एक नियम होता. निरीक्षकाच्या खुणांवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. मधून एकदा दुसऱ्या माणसानेही त्याच तासाला बसायचं, स्वतंत्र खुणा करायच्या आणि दोन्ही ताडून बघायच्या. तिच्याकडच्या नोंदींत ब तुकडीची रेघ चढत गेलेली बघून सर चक्रावले होते. "नोकरीच्या सुरुवातीला शिक्षक असा वाढतो. या वयात सहसा नाही. या बाईंच्यात असं काय घडलं? मी स्वतः येतो."

सर येणार हे मोठ्या बाईंना कळलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "सहामाही आलीच आहे. मीही बसते. एकदाच काय तो निकाल लागेल."

त्या दिवशी मागच्या बाकावर तिघे बसले. एका बाजूला सर, गुडघ्यावर कागद लावलेली पाटी, तोंड असं की त्यावर काही उमटलं असतं तर नवल. दुसऱ्या बाजूला मोठ्या बाई, हाताची घडी घालून. मध्ये ती. बाहेरच्या व्हरांड्यात सरांनी हळूच म्हटलं होतं, "चेहरा."

"हो सर," ती म्हणाली होती.

बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश, हा तास होता. सुरुवात झकास झाली. पट्ट्यांच्या घड्या पडल्या, मुलं गुंतली. "पहिल्या पट्टीत पूर्ण व्हायला किती कमी पडलं? एक तृतीयांश. दुसरीत? एक चतुर्थांश. मग कमी कुठे पडलं?"

"दुसरीत," वकील म्हणाली.

"म्हणजे मोठा तीन चतुर्थांश," बाई म्हणाल्या, आणि फळ्यावर दोन्ही आकड्यांच्या मध्ये चिन्ह काढलं. बरोबर काढलं. मग त्या थांबल्या, आणि नजर मागे आली.

तिच्या शेजारी सरांचं पेन चाललं होतं. तिने मान धरून ठेवली. मानेचा स्नायू दुखावा इतकी धरून ठेवली.

बाई अजून थांबल्याच होत्या. मग त्यांनी फळ्याकडे बघितलं. पुन्हा मागे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ती अगदी भिंत होती, इतके महिने जमलं नव्हतं ते आज तिला पुरतं जमलं होतं. बाईंनी डस्टर उचललं आणि बरोबर काढलेलं चिन्ह पुसून उलटं काढलं.

वर्गात कुजबुज झाली. वकील उभी राहिली. "बाई, आधीचंच बरोबर होतं."

"हो का?" बाई म्हणाल्या, आणि विचारलं ते वकीलला नव्हतं. ते मागे विचारलं होतं. मागून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा पुसलं. कुणीतरी हसलं. हसणं एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलं. बाईंचा आवाज पहिल्या तासाला होता तसा झाला, हळू, मग त्याहून हळू. हाताच्या खुणा चालू होत्या, पण कुठली रांग कुठल्या बोटाला बांधली आहे हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या बाईंनी हाताची घडी सोडली आणि त्या शांतपणे उठून गेल्या.

घंटा झाली. मुलं बाहेर पळाली. सर कागद जुळवत दाराशी गेले. ती टेबलापाशी आली. बाई खडूचे तुकडे डबीत भरत होत्या.

"आज काय चुकलं गं?" पहिल्यांदाच त्या तिला 'गं' म्हणाल्या होत्या.

"काही नाही चुकलं. सगळं बरोबर होतं."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. खरोखर न समजून.

"मग सांगितलं का नाहीस?"

दारातून सरांनी हाक मारली. ती काहीतरी पुटपुटली, काय ते तिलाही नंतर आठवेना, आणि निघाली.

व्हरांड्यात सरांनी दोघांच्या खुणांचे कागद शेजारी धरून बघितले. मग म्हणाले, "इतके दिवस मान हलवत होतात ना?"

"हो."

"आणि आज थांबवलीत."

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, थकला होता. "सुरुवातीपासून हलवली नसती तर बाई जशा होत्या तशा राहिल्या असत्या. आजही हलवली असती तर आपला अभ्यास बुडाला असता, पण त्या निभावल्या असत्या. तुम्ही दोन्हीच्या मध्ये जाऊन उभ्या राहिलात." जिना उतरताना ते पुढे म्हणाले, "यांची नोंद आपल्याला वगळावी लागेल. काय मोजलं तेच सांगता येणार नाही."

"पण सर, काय मोजलं ते तर दिसतंय. त्यांना एकटं ठेवलं होतं. इतकी वर्षं. सुवर्णपदकाला घरी जेवताना चार माणसं तास कसा झाला ते विचारतात. यांना कुणीच..."

"दिसतंय," सर म्हणाले. "पण रकाना नाहीये आपल्याकडे."

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता मोठ्या बाईंकडे गेली. मागच्या तासांचं सगळं सांगितलं, पट्ट्यांचं, वाटेकऱ्यांचं, थांबून वाट बघण्याचं. सांगायचं नसतं तेही सांगितलं. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. या वेळी चहाही मागवला.

"म्हणजे या बाईंना शिकवायला समोर एक मान हलवणारी बाई लागते, असंच ना?" त्या म्हणाल्या. "अहो, मग मी दोघींना कुठून ठेवू?"

"तुम्ही अधूनमधून जाऊन बसलात तरी..."

"माझ्याकडे एवढे वर्ग आहेत. माझ्या वर्गात कोण येऊन बसलं कधी? मी सत्तावीस वर्षं भिंतीलाच शिकवलं." हे बोलून त्या स्वतःच जराशा दचकल्या, आणि लगेच म्हणाल्या, "चहा घ्या. निवतोय."

सहामाहीची सुट्टी लागली. मुलीला ताप आला, तो लांबला, आणि तिने दिवस मोजणं सोडून दिलं. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा ती गेली. ब तुकडीत एक नवे सर होते, चांगल्या खणखणीत आवाजाचे. सुट्टीत वकील नळापाशी सापडली.

"बाई गेल्या," वकील म्हणाली. "शेवटच्या दिवशी पण घरचा अभ्यास दिला. आता तपासणार कोण? मी तर सगळा केलाय."

"दाखव बघू मला."

वकीलने वही आणली. ओळीने उदाहरणं, एकही चुकलेलं नाही. तिने ती उभ्याउभ्याच तपासली. प्रत्येकाला मान हलवली. वकील प्रत्येक उदाहरणागणिक तिच्या तोंडाकडे बघत होती.

खात्याच्या ऑफिसात विचारलं तर तिथल्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला. "समायोजनात गेल्या असतील, जागा रिकामी असेल तिथे कुठेतरी. कुठे म्हणून सांगू? शेकड्याने जातात." शिक्षकांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, हा सरांचा दुसरा नियम. तो तेवढा तिने कसोशीने पाळला होता.

सरांचा अभ्यास पुढे छापून आला. त्यात बऱ्याच रेघा होत्या, आणि त्या बऱ्याच खऱ्याही होत्या. सुरुवातीच्या वर्षांत शिक्षक भराभर सुधारतो, मग वेग मंदावतो. पदवीचा फरक वाटतो तेवढा नसतो. ब तुकडीच्या बाई त्यात कुठेच नव्हत्या. तिने तो घरात, मुलीला मांडीवर घेऊन, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मग ताईला फोन लावला, तर ताई कामात होती. नवऱ्याचा चेहरा गोठला होता. खोलीत मुलीच्या खेळण्यांचा तेवढा आवाज होता.

त्यानंतर तिला एक खोड लागली आहे. बागेत, दवाखान्याच्या रांगेत, पाळणाघराच्या दारात, कुणाचं मूल शाळेत जातं असं कळलं की ती विचारते. लोक चमकतात, काही तुटक उत्तर देतात. तिला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही इथवर वाचलंत, तर तिचं तेच विचारणं तुम्हालाही आहे. तुमच्या पोराच्या शाळेत नव्याने आलेल्या बाई आहेत का? बुटक्या, हळू बोलणाऱ्या, डबा वर्गातच खाणाऱ्या. शिकवताना मध्येच थांबून मुलांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघणाऱ्या. मुलाला विचारा, त्याला नक्की ठाऊक असेल. असल्या, तर उद्या पोराला सोडायला जाल तेव्हा दारातूनच परत फिरू नका. आत जा. त्या कशा आहेत, जेवतात का, त्यांच्याशी कुणी बोलतं का, ते जरा बघून या. आणि तास चालू असेल तर दोन मिनिटं मागे उभे राहा.